गोरं करणारं मशीन

ते यंत्र आमच्या ड्रायव्हरनं, भैयाजीनं, जीपमधून आणलं ते स्वतःच्या घरच्या गादीत गुंडाळून. गादी लग्नातली होती. बायको त्यावरून बरेच दिवस बोलली नाही, हे तो पुढे मोठ्या अभिमानानं सांगत असे. साल चौऱ्याऐंशी, एप्रिल नुकताच लागलेला. भैयाजी एरवी जीप हाकायचा ती मागे वाघ लागल्यासारखी. पण त्या सकाळी समुद्रपूरपासून गिरडपर्यंत त्यानं ती इतकी जपून चालवली की एक रिकामी बैलबंडी आम्हाला मागे टाकून पुढे गेली. बंडीवाल्यानं वळून विचारलं, "काय गा भैयाजी, नवरी हाय का मांगं?"

आता मी पिपरी मेघेला राहते. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. दवाखान्याच्या दारात हल्ली कपाळासमोर पिस्तुलासारखं काहीतरी धरतात, टुक् असा आवाज येतो आणि ताप कळतो. लोकांना त्याचं काही वाटत नाही. मला मात्र दर वेळी गिरडमागचं ते रान आठवतं, मोहाच्या फुलांचा आंबूस गोड वास आठवतो आणि रामबाईच्या चुलीवरचा चहा. त्या एका महिन्याइतकी मी आयुष्यात पुन्हा कधी सुखी नव्हते. पुढचं सगळं ऐकून कुणाला हे खोटं वाटेल, पण आहे ते असं आहे.

मी गुरांची डॉक्टर. नाव जयवंता, माहेर अल्लीपूर. त्या काळी या धंद्यात बाई म्हणजे जत्रेतलं दोन तोंडांचं वासरू. लोक खास बघायला यायचे. आमचे अण्णाजी, म्हणजे माझे वडील, चारचौघांत म्हणायचे, "पोरगी ढोराची डाक्टर झाली, आता जावई बी त्यातलाच पाहा लागते." मी चिडायची. चिडणं हा माझा स्वभावच आहे, आणि जे मोजता येत नाही त्यावर मी सगळ्यात जास्त चिडते.

आदल्या वर्षी गावच्या गुरांमधून खुरकुतीची, तोंडाखुरांच्या रोगाची, साथ रानात शिरली होती. चितळं लंगडली, रोही, म्हणजे नीलगाई, तोंडाला फेस येऊन पाणवठ्यापाशीच बसले, पाडसं तर किती गेली त्याला हिशेब नव्हता. गावच्या बैलाच्या तोंडात हात घालता येतो. रानातल्या जनावराला ताप आला हे कळणार कसं? त्याच्या जवळ जावं तर ते पळतं, आणि पळताना सगळी जनावरं निरोगीच दिसतात.

म्हणून ते यंत्र. नागपूरच्या एका संस्थेकडून मागून आणलेलं, मूळ स्वीडनचं. तिपाईवर बसवायचा एक जाडजूड कॅमेरा, त्याची वायर एका पेटीला आणि पेटीला एक छोटा पडदा. या कॅमेऱ्याला उजेड दिसत नसे, ऊब दिसत असे. जे गरम ते पडद्यावर पांढरं, जे थंड ते काळं. खुरकूत लागलेलं जनावर लंगडायच्या आधीच त्याचे खूर तापतात. पहाटे, जमीन निवालेली असताना, पाणवठ्यावर आलेल्या कळपात असे पांढरे फटक खूर शोधायचे, आणि ते दिसले की लगेच भोवतालच्या गावांतली गुरं टोचायला घ्यायची, रानात चरायला सोडू द्यायची नाहीत. एवढंच आमचं काम.

त्यात एक गंमत होती. ऊब दिसण्यासाठी यंत्राला आतून भयंकर थंड ठेवावं लागे. त्यासाठी लागणारा द्रवरूप नायट्रोजन आमच्याकडे गाईंच्या कृत्रिम रेतनाच्या केंद्रात असायचाच. भैयाजी ते कॅन आणायचा. झाकण काढलं की पांढरी वाफ उतू जाऊन जमिनीवरून सरपटत जायची आणि आजूबाजूची माणसं दोन पावलं मागे सरायची.

मुक्काम रानातल्या वनखात्याच्या झोपडीत होता. समोर गिरडची टेकडी, वर दर्ग्याचं हिरवं निशाण, आणि मागच्या उताराखाली नाल्यावर बांधलेला बंधारा. उन्हाळ्यात त्या बंधाऱ्याचं पाणी आटून आटून एक डोह राही, तोच पाणवठा. अलीकडच्या काठावर गवताचा आडोसा करून आम्ही यंत्र मांडलं. पलीकडे एक म्हातारा पळस होता.

स्वयंपाकाला रामबाई होती. जवळच्याच टोल्यावर, म्हणजे रानातल्या छोट्या वस्तीत, तिचं घर. गोंडाची बाई, घरात आपसांत गोंडी चाले, आमच्याशी ती वऱ्हाडी बोले. पन्नाशीच्या आतबाहेरची, उंच, हसली की सगळा चेहरा हसायचा. मला ती फार आवडायची. मी तापट, तर ती मला भाकर वाढताना म्हणायची, "डाक्टरीणबाई, राग खाऊन पोट भरत नाई. हे खा." पुढे कित्येक वर्षं ती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती मला सीताफळं पाठवत राहिली.

तिचा नवरा पुनाजी वनखात्यात मजूर होता, त्याच बंधाऱ्यावर. मागच्या श्रावणात नाल्याला पूर आला त्या दुपारी तो बंधारा बघायला म्हणून गेला, तो परत आला नाही. लोकांनी पार खालच्या गावापर्यंत काठ धुंडाळले. नाल्यानं काहीच परत दिलं नाही, अंगावरचा शेलासुद्धा नाही.

हे मला रामबाईनं सांगितलं नाही. सांगितलं ते गोमाजीनं, पुनाजीच्या थोरल्या भावानं. तो एका संध्याकाळी मुद्दाम आला, झोपडीच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ चप्पल नीट लावत राहिला.

"बाई, तुमी शिकलेल्या हा. रामबाई तुमचं आयकते. अखजी येऊन राह्यली. तिले म्हणा, यंदा त्याच्या नावाची घागर भरू द्या."

मी अल्लीपूरची, मला अखजी सांगावी लागत नव्हती. अक्षय तृतीयेला आमच्याकडे घरोघर गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची नवी घागर भरतात. वर्षभरात जो गेला त्याची तर भरावीच लागते. नाहीतर तो तहानलेला राहतो, म्हणतात. टोल्यावर काय आणि गावात काय, सगळेच भरायचे. आणि त्या घागरीतलं पाणी जित्या माणसानं तोंडाला लावायचं नाही. ते ज्याच्या नावाचं, त्याचं.

"ती काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, मानूस मेलेला पाह्यला कोन? जित्याची घागर भरली तं तो मरते, म्हणते." गोमाजीनं चप्पल पुन्हा सरळ केली. "अन न भरली तं माहा भाऊ तहानेला फिरन. मी कराव काय?"

भांडण म्हणावं तर भांडण नव्हतं. दोघांचंही त्या माणसावर प्रेम होतं. पण अखजी काही कुणासाठी थांबत नसते. घागर भरली की रामबाईच्या बांगड्या उतरणार होत्या, आणि नाही भरली तर गोमाजी तिच्या उंबऱ्याला पाय लावणार नव्हता. मी दोघांतही पडले नाही. जनावरांच्या डॉक्टरनं माणसांच्या भानगडीत पडू नये, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले होते.

पहिल्या आठवड्यात टोल्यावरची सगळी माणसं यंत्र बघायला येऊन गेली. पडद्यावर बसवायचा एक झटपट फोटो देणारा कॅमेरा आमच्यापाशी होता. फोटो हातात धरून हलवला की उमटायचा. भैयाजीनं माझ्या नकळत निम्म्या टोल्याचे फोटो काढून वाटले. माणूस गरम, म्हणून सगळे पांढरेशुभ्र आले. काय तो आनंद! बायका फोटो पदरात झाकून नेत होत्या. एक म्हातारा म्हणाला, "सरकारनं गोरं कराचं मशीन आनलं गा." तेच नाव पडलं. मी भैयाजीवर ओरडले, कारण ती फिल्म मोजकीच होती. पण गोमाजीचा फोटो पाहून मलाही हसू आवरेना. चेहरा पांढरा भुरका आणि मधोमध नाक काळं, कारण पहाटे नाक गारठलेलं असतं.

पाणवठ्यावर पहिले काही दिवस सगळं सरळ चाललं. चितळांचा कळप फटफटायच्या सुमारास उतरायचा. पडद्यावर आधी झाडांमागे पांढरे ठिपके, मग पाय, माना, कान. शिंगं थंड म्हणून दिसायची नाहीत. नर बोडके वाटायचे. मी आडोशात बसून एकेक खूर तपासायची, आणि भैयाजी शेजारी उकिडवा बसून तंबाखूची तलफ दाबत असायचा. इतकं सुंदर दृश्य मी पुन्हा पाहिलं नाही. रान उजेडात दिसतं ते वेगळं आणि उबेत दिसतं ते वेगळं. पाखरू फांदीवरून उडालं तरी फांदीवर त्याच्या पायांची ऊब क्षणभर राहायची.

मग एका पहाटे कळपाच्या मधे एक काळं काहीतरी उभं दिसलं.

उभं, म्हणजे माणसासारखं उभं. डोकं, खांदे, खाली सोडलेले हात. मी पडद्यावरून डोळे काढून वर पाहिलं. झुंजुमुंजू झालं होतं, पलीकडचा काठ स्वच्छ दिसत होता. चितळं पाणी पीत होती. मधे कुणी नव्हतं. पण ती ज्या जागेभोवती उभी होती तिथे मधे माणसापुरती जागा मोकळी होती.

यंत्रातला दोष असेल म्हणून मी कॅमेरा डावीकडे वळवला. दोष असता तर तो कॅमेऱ्याबरोबर सरकला असता. काळी आकृती पलीकडे कळपातच, आपल्या जागेवर राहिली. पडद्यावरची काच पुसली. नायट्रोजन पुन्हा भरला. शेवटी कळप गेल्यावर भैयाजीला पलीकडे पाठवलं. तो त्या जागी उभा राहिला तेव्हा पडद्यावर तो एकटा होता, पांढराधोप, कमरेवर हात ठेवलेला.

"म्याडम, काही नाई इथं," तो तिथून ओरडला. परत आला तेव्हा शिंकत होता. एप्रिलमधे वर्ध्याकडे कुणी शिंकत नाही.

मी मनाशी मांडणी केली. भोवतालच्या जमिनीपेक्षाही थंड असं या दिवसांत एकच असतं, ओलं. पाझरणारा माठ यंत्रातून काळाच दिसतो. पाणी उडून जाताना गारवा येतो. तेव्हा तिथे काहीतरी ओलं असावं. ओला बुंधा, ओला दगड. बुंधा तिथे नव्हता, ही त्या मांडणीतली एकच अडचण होती.

पुढच्या दिवसांत तो रोज आला. कधी पळसाखाली, कधी अगदी पाण्याच्या कडेला. चालताना मी त्याला कधी पाहिलं नाही. कळप आला की तो असायचा, कळप गेला की नसायचा. चितळं कान टवकारत नव्हती, माकडं ओरडत नव्हती. भैयाजीनं आधी थट्टा केली, मग थट्टा बंद केली. पहाटे आडोशात शिरताना भैयाजी चपला बाहेर काढू लागला.

अशात चिरकानीला ताप आला. चिरकानी म्हणजे डाव्या कानाला चीर गेलेली एक मादी, नाव भैयाजीनं ठेवलेलं. तिचे पुढचे दोन्ही खूर पडद्यावर चुन्यासारखे पांढरे झाले होते. त्याच दिवशी मी भोवतालच्या गावांत निरोप धाडले, गुरं टोचायला सुरुवात केली, दिवसभर उन्हात फिरून घसा बसला.

दुसऱ्या पहाटे चिरकानी आली. तिच्या खांद्यावर एक काळा ठसा होता. मी कॅमेऱ्याला लांबचं भिंग चढवलं. तळवा आणि पाच बोटं. हात क्षणापूर्वी उचलला असावा असा तो ठसा कडेकडेनं राखाडी होत होता, आणि तिच्या पायाशी, दोन्ही खुरांभोवती, तशीच काळी बोटं होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचे खूर निवाले होते. ती नीट चालत होती.

मी संतापले. भूत असेल तर असो बापडं. पण खुरकुतीचा ताप एका रात्रीत उतरत नाही. मग आणखी दोन जनावरं तापली, आणि तीही तशीच निवाली. रोग कळपात पसरलाच नाही. नागपूरला कळवायला माझ्याकडे आनंदाची बातमी होती आणि तिचं कारण नव्हतं. त्या रागाच्या भरातच मी त्या काळ्या आकृतीचा फोटो काढला, उजेडात नीट बघता यावा म्हणून, आणि झोपडीत टेबलावर ठेवला.

तो रामबाईनं पाहिला.

मी आत आले तेव्हा ती हातातला कप तसाच धरून उभी होती. चहा निवून साय धरली होती.

"हा कवा काढला?" तिनं विचारलं.

"आजच. रामबाई, ते यंत्राचं काहीतरी..."

"सखूचा बाप हाय हा."

तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. टोल्यावरच्या जुन्या बायका घेत नसत. सखू ही तिची लेक, तिकडे हिंगणघाटकडे दिलेली.

"चेहरा तरी दिसतो का त्यात?" मी म्हटलं. "नुसता काळा ठसा आहे."

"काळाच हाय तो. तव्यासारखा." ती हसली, आणि तिचा सगळा चेहरा हसला. "तुमच्या मशीननं अख्खा टोला गोरा केला, डाक्टरीणबाई. गोमाजी भाऊजी बी गोरे केले. हा एकटाच आपल्या रंगाचा राह्यला. बाकी सारे खोटे, हा खरा हाय."

खोटं बोलणं मला जमत नाही. मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं: यंत्राला रंग कळत नाही, ऊब कळते, पांढरं म्हणजे गरम, आणि काळं म्हणजे थंड. जनावरांपेक्षा, झाडापेक्षा, दगडापेक्षा थंड.

तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं.

"ओला मानूस थंडाच राह्यते," ती म्हणाली. "पान्यातून निंगाला असन. वाळला की होईन ऊन."

"आठ-नऊ महिने कुणी ओलं राहत नाही, रामबाई."

"मंग मले नेऊन दाखवा. मी हात लावून पाह्यतो. जिता असन तं कळनच मले. मेला असन तरी कळन." ती उठली. "अखजीच्या सकाळी येतो. गोमाजी भाऊजीले म्हणा, तवरिक घागर कोरडी ठेवा."

गोमाजीनं ते मान्य केलं. कुंभाराकडून आणलेली नवी घागर त्यानं अंगणात उपडी ठेवली आणि अखजीच्या आदल्या दिवशी दिवसभर तो तिच्याजवळच बसून होता, असं भैयाजी म्हणाला.

अखजीच्या पहाटे रामबाई धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली. आडोशात माझ्या शेजारी बसली. तिच्या अंगाला मोहाचा आणि चुलीचा वास होता. पूर्वेला उजळलं, कळप उतरला. पडद्यावर पांढऱ्या पाठी, माना, कान.

आणि पळसाजवळ तो.

रामबाईनं पडद्याला बोट लावलं. मग ती उठली, आडोशाबाहेर आली आणि बंधाऱ्यावरून पलीकडे चालत गेली. उघड्या डोळ्यांनी मला एवढंच दिसत होतं, की एक बाई चितळांच्या कळपात शिरते आहे आणि चितळं पळत नाहीत. जरा जरा सरकून तिला वाट देत आहेत.

पळसापाशी ती थांबली.

"पुनाजी," तिनं हाक मारली.

सबंध संसारात पहिल्यांदा तिनं ते नाव घेतलं असेल. शेजारी भैयाजी हात जोडून बसला होता, कुणाला ते त्यालाही ठाऊक नसावं.

पुढचे शब्द ऐकू आले नाहीत. नुसता तिचा आवाज येत होता, थांबून थांबून, समोरचं माणूस बोलत असताना आपण थांबतो तसा. मी पडद्याकडे पाहिलं. पांढरी रामबाई, काळा तो. तिनं दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या टोकांपासून ते काळे होऊ लागले. मनगटांपर्यंत काळे झाले आणि तिथे थांबले.

ती परत आली तेव्हा रडत नव्हती. हात पदरात गुंडाळलेले होते. पदर ओला होता.

"भेटला?" मी विचारलं.

"भेटला. घाबरला मले पाहून."

"तो घाबरला?"

"म्हणे, तू काऊन आली? तुले पान्यानं नेलं ना श्रावनात. मी बंधाऱ्यावर, अन तू माह्या मांगं भाकर घेऊन आलती, म्हणे. तुले किती शोधलं, म्हणे." ती माझ्याकडे बघत होती, पण मला पाहत नव्हती. "मी त्याचे हात धरले. थंडे होते, डाक्टरीणबाई. लय थंडे. मी तेच म्हणनार होतो, तं तोच म्हणे: तुहे हात किती थंडे झाले व रामबाई."

डोहावर एक टिटवी ओरडून गेली. कळप अजून तिथेच होता.

"रोज ढोराईच्या संगं येतो, म्हणे. एकट्याले करमत नाई. त्याईचे पाय शेकतो, म्हणे."

"रामबाई," मी म्हटलं, "गोमाजीला काय सांगायचं?"

"सांगा, भरा." ती म्हणाली. "माह्या बांगड्या उतरवा लागन तं उतरवा. त्यानं माही भरली, आपन त्याची भरू. बराबर होते."

"त्यानं भरली म्हणजे?"

"आज अखजी नाई का? माह्या नावाची घागर भरून ठेवली त्यानं. तिकडं पळसाच्या मांगं. म्हणे, तहानेली असशीन."

भैयाजी उठला. असल्या गोष्टी नीट बघितल्याशिवाय त्यालाही चैन पडत नसे, त्या बाबतीत तो माझाच माणूस. "चला, पाहूनच घेऊ," तो म्हणाला. नायट्रोजन संपत आला होता. मला यंत्रापासून हलता येईना. ते दोघं बंधाऱ्यावरून गेले. आता कळप पांगला आणि झाडीत शिरला. मी पडदा बघत राहिले. दोन पांढरी माणसं पळसामागे गेली, आणि भैयाजी दोन्ही हातांत धरून एक काळी, गोल वस्तू पुढे घेऊन आला.

मी मान वर केली. लाल मातीची नवी घागर होती. तोंडावर आंब्याची पानं. काठोकाठ भरलेली, कारण त्याच्या प्रत्येक पावलागणिक पाणी सांडत होतं.

त्यानं ती काठावर ठेवली. रामबाई तिच्यापुढे बसली आणि पानं बाजूला केली.

"अवो बाई!" भैयाजीचा आवाज स्पष्ट आला. "ते नोका पिऊ. ते जित्या मानसाचं नाई!"

"माह्याच नावाची हाय ना?" ती म्हणाली. "मंग दुसरं कोन पेईन?"

तिनं दोन्ही हातांनी घागर उचलली आणि तोंडाला लावली. खूप तहान लागलेलं माणूस पितं तशी ती मधे न थांबता प्यायली. मग घागर खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं, उभी राहिली आणि मला हात केला. चहा ठेवते, या, असा तो हात होता. उजेड चांगला फाकला होता. तिचं हिरवं लुगडं, तिचं हसू, सगळं मला इथून दिसत होतं.

मी यंत्र बंद करायला खाली वाकले.

पडद्यावर काठावर दोन काळी माणसं उभी होती, आणि त्या दोघांच्या मधे भैयाजी, पांढराशुभ्र, निवांत तंबाखू मळत होता.